नौकेची मोरी

आमच्या अल्लीपूरपासून समुद्र फार दूर. मी तो अद्याप पाहिलेलाही नाही. परंतु कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे वाचले आणि एक प्रश्न पडला. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ही नौका अवघी छप्पन्न फुटांची. अशा नौकेवर लाट चढली, तर ते पाणी जाते कुठे?

शिडाच्या नौकेत सुकाणूजवळ बसण्याची जागा हौदासारखी खोलगट असते. तिला कॉकपिट म्हणतात. समजा, हा हौद दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे. तो भरला की एक टनाहून अधिक ओझे नौकेवर बसते. मागची बाजू दबते आणि पुढची लाट अधिकच सहज आत येते. तेव्हा पाणी येणारच, असे धरूनच नौका बांधावी लागते.

यावरचा उपाय आपल्या न्हाणीच्या मोरीसारखाच आहे. हौदाचा तळ बाहेरच्या पाण्याहून उंच ठेवतात, त्याला उतार देतात आणि कोपऱ्यांतील छिद्रांतून नळ बाहेर काढतात. पाणी आपल्या वजनानेच निघून जाते. मुलांच्या ‘ऑप्टिमिस्ट’ या सरावाच्या होडीचा तळ मात्र पाण्याखाली असतो. तेथे छिद्र पाडले तर समुद्रच आत येईल. म्हणून पाणी डब्याने उपसावे लागते.

वाऱ्याने नौका डावीकडे कलली की डाव्या नळाचे तोंड बुडते आणि पाणी उलटे वर चढू शकते. यासाठी पुष्कळ नौकांत नळ एकमेकांना ओलांडून नेतात. डाव्या कोपऱ्याचा नळ उजव्या बाजूला, उजव्याचा डाव्या. नळ फुटलाच तर बंद करता यावे म्हणून तोंडाशी झडप असते. खोलीच्या दाराला उंच उंबरठा असतो, तो वेगळाच.

सारांश, मोरीपेक्षा पातळी महत्त्वाची. आमच्या घरासमोरचा रस्ता दर डांबरीकरणाला वर चढला; घर होते तिथेच राहिले. आता मोठ्या पावसात मोरीतूनच पाणी घरात येते. बाबा मोरी रुंद करायची म्हणत होते. मी त्यांना सांगितले, “बाबा, त्याने पाणी जास्तच आत येईल. जमीनच वर घ्यावी लागेल.” खर्च मोठा आहे. पण निदान चुकीच्या जागी पैसा जाणार नाही.