धूर, पाऊस आणि आपले शिवार

मृग जवळ आला की सांबऱ्याच्या पारावर एकच विषय निघतो. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, असे म्हातारीकोतारी माणसे सांगतात. कोणी म्हणतो झाडे तोडली म्हणून, कोणी म्हणतो धूर वाढला म्हणून. धुराचा आणि पावसाचा खरोखरच काही संबंध आहे काय, आणि असल्यास तो शास्त्रज्ञ कसा शोधतात, हे आज आम्ही आपल्या शेतकरी बंधुभगिनींना सांगणार आहोत.

खताचा गुण पाहायचा तर आपण एका वाफ्याला खत घालतो, शेजारच्या वाफ्याला घालत नाही आणि सुगीला दोन्हींची तुलना करतो. पण आभाळ तर एकच आहे. धुराचे एक आणि बिनधुराचे एक, अशी दोन आभाळे आणायची कोठून? म्हणून शास्त्रज्ञ संगणकात आभाळ मांडतात. त्यालाच हवामानाचे मॉडेल म्हणतात. साऱ्या पृथ्वीवरील हवेचे व समुद्राचे चौकोनी वाफे पाडायचे, प्रत्येक वाफ्यात ऊन किती, वारा कोणीकडून, बाष्प किती, याचे गणित निसर्गनियमांप्रमाणे करायचे आणि अशी शंभर-दीडशे वर्षे चालवून पाहायची. एकदा धुरासह, एकदा धुराविना. दोहोंतला फरक हा धुराचा परिणाम. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असे मॉडेल तयार केले आहे. आपल्या सांबरा विमानतळावर हवामानाच्या नोंदी होतात, तशाच ठिकठिकाणच्या नोंदींशी हे गणित ताडून पाहतात.

यातून असे दिसले की, प्रदूषण दोन तऱ्हांनी काम करते. कोळसा व तेल जाळल्याने निघणारा कर्बवायू पृथ्वीवर घोंगडीसारखा पसरतो व उष्णता अडवून धरतो. तापलेली हवा अंशामागे सुमारे सात टक्के बाष्प जास्त धरते. म्हणून पडला की पाऊस कोसळतो. धूर, काजळी व गंधकाचे कण मात्र आभाळात पडद्यासारखे राहून ऊन अडवतात. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणूनच मोसमी वारे आत ओढले जातात. पडद्यामुळे जमीन कमी तापली की ती ओढ मंदावते. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या मोठ्या पाहणीत हा धुरकट थर स्पष्ट मोजला गेला. त्या पाहणीचे एक प्रमुख डॉ. वीरभद्रन रामनाथन हे पुढे पोप महाशयांच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पुढील आकडे आहेत. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व आपल्या सह्याद्रीत विशेष दिसली. म्हणजे म्हाताऱ्यांचे बोलणे अगदीच पोकळ नाही.

गणितावर विश्वास का ठेवावा? १९९१ साली फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल असे मॉडेलने आधीच सांगितले, आणि तसेच घडले. तथापि त्याची मर्यादाही ओळखावी. पुष्कळ मॉडेलांतला एक वाफा शंभर-दोनशे किलोमीटरांचा असतो. त्यात सात हजार मिलिमीटर पावसाची आंबोली आणि तेराशेच्या आसपासचे बेळगाव एकत्र येतात. तेव्हा यंदा भात कधी पेरावे, हे त्याला विचारू नये. त्यासाठी हवामान खात्याचा रोजचा अंदाज ऐकावा.

मग आपण काय करावे? कर्बवायू शेकडो वर्षे टिकतो, पण काजळी एक-दोन आठवड्यांत खाली बसते. म्हणून धूर कमी केल्याचे फळ लवकर मिळते. मात्र नुसता पडदा निघाला तर घोंगडीची ऊब अधिक जाणवेल. दोन्ही कमी झाली पाहिजेत.

ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू घालावेत व पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते आणि जमिनीला खत मिळते. दुसरे म्हणजे स्वयंपाकघर. चुलीचा धूर प्रथम आपल्या घरच्या माउलीच्या व लेकरांच्या छातीत जातो. खोकला, दमा व न्यूमोनिया त्याने वाढतो. गॅस शक्य नसेल तर निर्धूर चूल घाला, निदान धुराडे तरी काढा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्वयंपाकाच्या धुराने गरिबांना होणाऱ्या त्रासाचा उल्लेख केला आहे. परमेश्वराने आदामाला बाग दिली ती मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. मशागत आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. या सुगीला राखणही करू या, आणि आपल्या शिवारात एकही पाचटाचा फड पेटू देऊ नये.