पुतळ्याच्या पोटातला सांगाडा

महामार्गावरून जाणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यातलं नांदुरा ठाऊक असतं ते १०५ फुटी हनुमानामुळे. गाडी थांबते, फोटो निघतात, 'बापरे, केवढा उंच!' म्हणून होतं आणि गाडी मलकापूरच्या नाहीतर खामगावच्या रस्त्याला लागते. एवढी मूर्ती वारा-वादळात उभी कशी राहिली, तिच्या पोटात काय आहे, हे विचारणारा माणूस मला आजवर क्वचितच भेटला. म्हणून संपादकांनी 'महाराष्ट्रातल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांचं जग' हा विषय दिला, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं की आढावा घ्यायचा तो पोटाच्या बाजूने. सनावळ्या आणि पारितोषिकांच्या याद्या ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी जाडजूड ग्रंथ आहेत.

तरी सुरुवातीचं थोडं उरकून घेतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे वास्तुशिल्प शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं त्यांची. पुढे व्हीटी स्टेशन बांधलं गेलं (१८७८ ते १८८८), त्यावरचं पुष्कळसं कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. थोडक्यात, शिल्पाचा विद्यार्थी आपल्याकडे पहिल्यांदा नजरेत भरला तो छिन्नी घेऊन परांचीवर चढलेला. खरी कला पुढे आली आणि हे नुसतं कारागिरीचं प्रकरण होतं, असं म्हणणारे विद्वान मला माहीत आहेत. त्यांनी एकदा त्या स्टेशनाखाली उभं राहून दगडातली पानं, माकडं आणि पक्षी बघावेत, मग बोलावं.

मग आले गणपतराव म्हात्रे. १८९६ सालची त्यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती, करणाऱ्याचं वय वीसच्या आसपास. इंग्रज कलासमीक्षक बर्डवुडसाहेबांनी तिची वाखाणणी केली, रवींद्रनाथांनी बंगालीत तिच्यावर लिहिलं, आणि ही कला भारतीय की पाश्चात्त्य हा वाद तेव्हापासून जो सुरू झाला तो अजून मिटायचाय. मला त्या वादात रस नाही. मला रस आहे तो तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत. त्या निऱ्या प्लॅस्टरमध्ये तशा उतरवायच्या म्हणजे साच्याचं किती भान लागतं, हे ज्याने एकदा तरी साचा फोडलाय त्यालाच कळेल.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

आमच्या भागातल्या मुलाला मातीची ओळख करून द्यावी लागत नाही. पोळ्याला मातीचे बैल, भुलाबाई-भुलोजी, घरोघरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे यांत त्याचे हात आधीच बरबटलेले असतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली की कुणी तरी ड्रॉइंग मास्तर म्हणतो, 'पोराला जे. जे. ला पाठवा.' नांदुऱ्याचं स्टेशन थेट मुंबईच्या लाइनीवर, त्यामुळे पोरगं रात्रीच्या गाडीत बसतं आणि सकाळी व्हीटीला उतरतं. मीही तसाच गेलो. पुढच्या वर्षी गावाकडचे कुणी भेटायला आले, तर त्यांना दिसलं ते एवढंच, की आम्ही अर्ध्या चड्डीवर मातीच्या हौदात उभे आहोत. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने गावात येऊन बातमी दिली, 'पोरगं मुंबईले शिकाले धाडलं, अन् ते तं तिथं माती तुडवून राह्यलं!' बातमी शंभर टक्के खरी होती.

पहिलं वर्ष मातीचंच. माती भिजवायची, तुडवायची, खडे वेचायचे, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. हौदातली माती कधी टाकून देत नसत. साचा झाला की पुतळ्याची माती परत हौदात. जुनी माती जास्त चिवट आणि हाताला गोड. ज्युनियरने सीनियरसाठी माती मळायची, त्या बदल्यात सीनियरने त्याला आर्मेचर बांधून दाखवायचं, असा अलिखित करार असे. बाहेरच्यांना ते रॅगिंग वाटायचं. प्रत्यक्षात तो खरा अभ्यासक्रम होता, आणि तो कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नव्हता.

आर्मेचर म्हणजे पुतळ्याच्या आतला सांगाडा. डोकं करायचं असेल तर पाटावर एक उभा खांब आणि त्यावर तारेचे वळसे पुरतात. पूर्णाकृतीला मात्र पाठीमागून लोखंडी आधार, हातापायांना सळ्या, आणि माती घसरू नये म्हणून जागोजागी तारेने टांगलेल्या लाकडाच्या छोट्या फुल्या लागतात. या फुल्यांना आम्ही बटरफ्लाय म्हणायचो. सळई एक इंच चुकली की चार दिवसांनी गुडघ्यातून लोखंड बाहेर डोकावायचं. सर त्याकडे बोट दाखवून पुढे जायचे, बोलायचे नाहीत. मग आख्खी फिगर उतरवायची. आर्मेचर कच्चं असलं तर रात्रीत पुतळा कंबरेतून बसायचा, आणि सकाळी वर्गात शिरल्यावर मातीचा ढीग बघून कुणी हसायचं नाही, कारण उद्या ती वेळ आपल्यावर येणार हे प्रत्येकाला ठाऊक असे.

माती पुरी झाली की साच्याचा दिवस. त्या दिवशी वर्गात एकटं कुणी नसायचं, कारण साचा एकट्याने होतच नाही. आकृतीवर पत्र्याच्या पातळ पट्ट्या खोचून भाग पाडायचे. प्लॅस्टर पाण्यात सोडायचं, पाणी प्लॅस्टरवर ओतायचं नाही. पहिल्या थराला थोडी नीळ घालायची आणि तो हाताने फटकारत मारायचा, म्हणजे नाकाच्या, कानाच्या खोबणीत हवेचा बुडबुडा राहत नाही. वरून पांढरा जाड थर. प्लॅस्टर गरम होऊन घट्ट झालं की साचा उघडायचा, आतली माती काढायची, धुवायचा, साबणाचं पाणी लावायचं आणि आतून काथ्या घालून पुन्हा प्लॅस्टर भरायचं. शेवटी बोथट छिन्नीने साचा फोडत जायचं. निळा थर दिसला की सगळे गप्प, कारण त्याच्या आत गाल आहे. साचा वाया जातो म्हणून त्याला वेस्ट मोल्ड म्हणतात, आणि एका साच्यातून एकच प्रत निघते. दोन महिन्यांचं काम त्या एका संध्याकाळवर. चहा सांगायला कुणी जायचं, बादल्या धरायला पेंटिंगचे दोस्त यायचे, आणि साऱ्या भानगडीत शेवटचा शब्द असायचा तो विभागातल्या जुन्या मोल्डरचा. त्याच्याकडे पदविका नव्हती. प्लॅस्टर कधी 'धरतं' हे तो बोटाने सांगायचा. महाराष्ट्रातल्या शिल्पकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मोल्डर मंडळींवर एक प्रकरणही खर्च करू नये, याचं मला वाईट वाटतं.

बाकीचं विद्यार्थीजीवन चारचौघांसारखंच. वांद्र्याचं होस्टेल, लोकलमधली स्केचेस, व्हीटीच्या फलाटावर झोपलेल्यांची स्केचेस, घारापुरी आणि वेरूळच्या सहली. गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यांत हात चालवून खर्चाची सोय, कधी सिनेमाच्या सेटवर खांब-कमानी. वार्षिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं तर आनंद. नाही मिळालं तर परीक्षकांना नजर नाही, यावर एकमत. प्रदर्शन संपलं की जागेअभावी प्लॅस्टरची बहुतेक कामं फुटत, आणि त्याचं कुणाला विशेष काही वाटत नसे.

या परंपरेतून जे पुढे आले त्यांची कामं आपण रोज बघतो, नावं मात्र माहीत नसतात. शिर्डीला समाधीमागे संगमरवरी साईबाबा बसलेत, ते बाळाजी वसंत तालीम यांचे, १९५४ चे. गिरगाव चौपाटीवरचे टिळक र. कृ. फडक्यांचे. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधले अश्वारूढ महाराज १९२८ चे, वि. पां. करमरकरांचे. त्याच करमरकरांनी सासवण्याला साध्या सिमेंटमध्ये म्हैस आणि कोळीण घडवली, आणि ती म्हैस मला कित्येक ब्राँझच्या घोड्यांपेक्षा जास्त जिवंत वाटते. गेटवेसमोरचे महाराज सदाशिव साठ्यांचे, १९६१ चे. संसद भवनाच्या आवारात १९६७ साली उभे राहिलेले बाबासाहेब ब्रह्मेश वाघांचे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार जे. जे. तून निघाले ते पुरातत्त्व खात्यात गेले, वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या मूर्तींच्या डागडुजीला. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा (२०१८) फार नंतरचा. वेरूळला दगडाच्या भेगा बुजवणारा हात नंतर एवढी उंची पेलू शकतो, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

इथे आधुनिक मंडळी भुवया उंचावणार. 'हे पुतळेवाले, ऑर्डरी घेणारे, यात सर्जन कुठे?' हे मी गेली कित्येक वर्षं चर्चासत्रांतून ऐकतोय. त्यांच्यासाठी ना. ग. पानसऱ्यांचं नाव घेतो. फोर्टातल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवरची ती उंच, घट्ट, कष्टकरी माणसं त्यांची. ज्या आदी दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला यांची नावं आधुनिक शिल्पाच्या प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदात येतात, त्या दोघांनी सुरुवातीचे धडे याच पानसऱ्यांकडे घेतले. म्हणजे आधुनिकांचं पाणीसुद्धा त्याच हौदातलं. बडोद्याला शंखो चौधुरींनी वेगळी वाट काढली, ती चांगलीच होती, पण तिच्यावर लिहिणारे खूप आहेत.

आता हल्लीचं. जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, छान झालं. पण मुलं माती टाळतात. कंप्युटरवर डोकं घडवलं, मशीनने थर्माकोलमध्ये कापून घेतलं, वरून फायबर, झालं. फायबरला माझा विरोध नाही; हलकं असतं, स्वस्त पडतं. मला चीड येते ती साच्याचा दिवस गेला याची. आता प्रत्येकजण आपापल्या स्क्रीनसमोर एकटा. ज्याने दुसऱ्याची बादली धरली नाही, त्याला वजन कसं कळणार? इन्स्टॉलेशन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी आर्मेचरबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, 'सर, ते वेल्डर बघतो.'

वेल्डरने काय बघितलं ते २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणला, राजकोट किल्ल्यावर दिसलं. नौदल दिनाला, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. चौकशी समितीने गंज, सांगाड्याची सदोष रचना आणि चुकीचं वेल्डिंग यांकडे बोट दाखवल्याच्या बातम्या आल्या. टीव्हीवर राजकारण झालं, वाऱ्याचा वेग सांगितला गेला. आमच्या काळातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा त्या पायांकडे बघून धडकी भरली असती.

कला संचालनालयाच्या मान्यतेशिवाय सार्वजनिक पुतळा उभारता येत नाही, हे बहुतेक पुतळा समित्यांना माहीत असतं. पण मान्यता मिळते ती मॉडेलला. आतली सळई बघायला तिथून कुणी येत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दगडाचं शहाणपण कमी नाही. लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे, मेहकरचा शार्ङ्गधर बालाजी आहे. असं असून गावोगावचे नवे पुतळे मोबाइलवरचा फोटो बघून ठरतात, दर फुटावर ठरतो आणि उंची शेजारच्या गावापेक्षा दोन फूट जास्त मागितली जाते.

म्हणून वाचकांपैकी जे कुणी अशा समितीत असतील त्यांना सांगणं एवढंच. फोटोवर सही करू नका. मूर्तिकाराच्या कारखान्यात मातीचं काम चालू असताना स्वतः जा, जमल्यास गावातल्या ड्रॉइंग मास्तरांना आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत न्या, आणि चेहऱ्याआधी सांगाडा दाखवायला सांगा. जो दाखवणार नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.