उजेड पडला की जागे होणारे औषध : कॅन्सरवरील नव्या उपचाराची ओळख

घरात कुणाला कॅन्सर निघाला की लगेच केमोची धास्ती बसते. केस जातील का, तोंड येईल का, सहन होईल का? ही भीती उगाच नाही. केमोचे औषध रक्तातून अंगभर फिरते आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच. पण केसांच्या मुळातल्या, तोंडातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. म्हणून त्रास होतो.

मग औषध कुलूप लावूनच शरीरात पाठवले तर? शास्त्रज्ञ औषधाच्या रेणूला एक असा तुकडा जोडतात की ते निष्क्रिय राहते. गाठीवर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की तो तुकडा सुटतो आणि औषध तिथल्या तिथे कामाला लागते. केमोची अशी औषधे अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत. मात्र याच जातीचा एक उपचार, फोटोडायनॅमिक थेरपी, दवाखान्यात पोचला आहे. त्यात औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की पेशी मरते. अमेरिकेत 1995 मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी 'फोटोफ्रिन' या औषधाला मंजुरी मिळाली.

औषध आणि प्रकाशाची ही जोडी आपल्या हकिमांना नवी नव्हती. अंदलुसचे इब्न अल-बैतार (मृत्यू 1248) यांनी कोडावर 'आतरिलाल' या वनस्पतीचे बी देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याची रीत लिहून ठेवली आहे. 1940 च्या दशकात कैरोच्या डॉक्टरांनी त्याच वनस्पतीतले द्रव्य वापरून कोडावर आधुनिक उपचार सुरू केले.

पण या उपचाराला मर्यादा आहेत. प्रकाश शरीरात साधारण एक सेंटिमीटरच शिरतो. त्यामुळे त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा वरवरच्या गाठींना तो उपयोगी पडतो; अंगभर पसरलेल्या कॅन्सरला नाही. फोटोफ्रिन घेतल्यावर किमान 30 दिवस ऊन टाळावे लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे सोपे नाही.

म्हणून 'नवीन औषध येतंय' म्हणून चालू केमो कुणी सोडू नये. आणि बावची लावून उन्हात बसण्याचा घरगुती प्रयोग कॅन्सरवर तर मुळीच करू नये.

खरा फायदा आजार लवकर सापडण्यात आहे, आणि हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिले. 1999 मध्ये इथे सुरू झालेल्या अभ्यासात 1,31,746 स्त्रिया होत्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. त्या कामात बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलही होते. हे हॉस्पिटल आपल्याला काही लांब नाही.

तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा चट्टा दिसला किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, तर अम्मी, खाला, आपा यांना लाजेपोटी घरात बसू देऊ नका. शिफा अल्लाहच्या हातात आहे. दवाखान्यात वेळेवर नेणे आपल्या हातात आहे.