घाट चढणारे नागपूरचे डॉक्टर

परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघाले की घाटात एस.टी.सुद्धा कण्हू लागते, हे आपण पाहिले आहे. तो घाट सायकलवर चढायचा म्हटले तर आपण निम्म्या वाटेतच खाली उतरू. असे चढ रात्रंदिवस चढलेल्या आपल्याच विदर्भातल्या माणसाची ही हकिकत.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनारा गाठायचा. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवस. म्हणजे रोज ४०० किलोमीटर. अमरावतीहून नागपूरला जाऊन परत यावे आणि तसेच पुढे अकोला गाठावे, इतकी ही रोजची मजल! झोप घेतली तरी घड्याळ थांबत नाही.

वाटेत आधी वाळवंटाचे ऊन. मग रॉकी पर्वत. तिथली खिंड जवळजवळ ३,३०० मीटर उंच, म्हणजे चिखलदऱ्याच्या तिप्पट. शेवटी, अंगातले त्राण संपत आले असता, ॲपलेचियन डोंगरातले आखूड पण उभे चढ. डॉक्टर पोचले ते ११ दिवस २१ तास ११ मिनिटांनी. मुदतीला तीन तासही उरले नव्हते! लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ त्यांच्या थोडे आधी पोचले होते. एकट्याने ही शर्यत पुरी करणारे हे पहिले दोन भारतीय. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरांहून लांब शर्यतही पुरी केली.

हे साधते कसे? भरल्या बंडीला चढ लागला की जाणता गडी बैलांना पायथ्याशीच पिटाळीत नाही. सायकलचेही तसेच. चढावर हलका गियर टाकायचा, पाय एका चालीने फिरवायचे. वेग कमी होतो, पण गुडघे शाबूत राहतात. भूक-तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे खात-पीत राहायचे.

आपली मुले-मुली सायकलवर शाळेत जात असतील, तर एवढे आजच पाहा. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच ठेवा. चैनीला तेल, चाकांत पुरेशी हवा आणि दोन्ही ब्रेक चालू हवेत. चढावर दम लागतो, पण जिवाला धोका उतारावर असतो.

आणि पोराने घाट चढायचा हट्ट धरलाच, तर त्याला हसू नका. हे डॉक्टरही सपाट नागपुरातलेच आहेत.