बेवारस नौका, चार देश आणि प्रशिक्षणाचा खर्च
(लेखांक ६)

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशीची सकाळ. श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्याशी मच्छीमारांना एक नौका दिसली. आत माणूस नाही, नाव ‘लेडी हान’. पोलिसांनी चढून पाहिलं तर तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. जिल्हाभर नाकाबंदी लागली, दहशतवादविरोधी पथक निघालं. त्याच तालुक्यात भरडखोलला एक लाइफबोटही लागली होती.

त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला भर समुद्रात इंजिन बंद पडलं. मदतीची हाक ऐकून दक्षिण कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांना वाचवलं आणि ओमानच्या स्वाधीन केलं. समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही. ती पावसाळी वाऱ्या-प्रवाहाबरोबर भरकटत इथवर आली. शस्त्रं एका खासगी सुरक्षा कंपनीची होती. सोमाली चाचेगिरी वाढल्यापासून अशा कंपन्या जहाजांवर सशस्त्र पहारेकरी देतात.

म्हणजे घातपात नव्हता. पण श्रीवर्धन तालुक्यातल्या माणसाचा त्या दिवशी जीव का उडाला, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर, स्फोटकं उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे त्या खटल्यात पोलीस आणि कस्टमच्या काही कर्मचाऱ्यांनाही शिक्षा झाली. हे आधीच सांगतो, कारण आज प्रशिक्षणाविषयी लिहायचं आहे आणि लाच खाणाऱ्याला प्रशिक्षणाने काही फरक पडत नाही.

‘लेडी हान’चा उलगडा व्हायला ऑस्ट्रेलिया, ओमान, दक्षिण कोरिया आणि भारत अशा चार देशांतले धागे जुळावे लागले. देशोदेशीच्या यंत्रणांना एकमेकांशी बोलता यावं, एकमेकांचे कायदे कळावेत, म्हणून पोलिसांची जी देवाणघेवाण चालते, तिचा खर्च कोण करतं?

हा खर्च भागवणारं ‘अनुदान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धनादेश येतो. इथे बहुतेक वेळा पैसा हातात पडतच नाही. अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्याने सुरू केलेली दहशतवादविरोधी साहाय्य योजना घ्या. भारतीय पोलिसांनी तिचा लाभ घेतला आहे. तिच्यात प्रशिक्षक, प्रवास, सामग्री हेच अनुदान असतं. ज्याचा पैसा, त्याचा अभ्यासक्रम. वाईट हेतू नसला तरी विषय देणाऱ्याच्या काळजीचे निवडले जातात, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

दुसरा प्रकार व्यक्तीला मिळणाऱ्या पाठ्यवृत्तीचा. १९७८ पासून चालू असलेली हम्फ्री पाठ्यवृत्ती अमेरिकी सरकारच्या पैशावर चालते. सेवेत मुरलेल्या माणसाला सुमारे वर्षभर तिथल्या विद्यापीठात राहून काम पाहता येतं. महाराष्ट्राच्या पोलीस अधिकारी मीरां चढ्ढा बोरवणकर या पाठ्यवृत्तीवर मिनेसोटा विद्यापीठात होत्या.

यात आपला कायदा मध्ये येतो, आणि यावा हे मला योग्य वाटतं. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकराला परदेशात असताना तिथला पाहुणचार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. विमानाचं तिकीट, राहणं, जेवणखाण सगळं त्यात आलं. सूट आहे ती परदेशात अचानक आजारी पडल्यास तातडीच्या उपचारांना, आणि तीही नंतर कळवायच्या अटीवर. ज्याच्या हाती तपास आहे, त्याचा खर्च कुणी केला हे सरकारला ठाऊक असलंच पाहिजे.

भारत नुसता घेणारा नाही. १९६४ पासून चालू असलेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमातून आपण इतर देशांच्या अधिकाऱ्यांना बोलावतो. विमानभाडं, शिक्षण, निवास, हातखर्च भारताचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत भूतान, नेपाळ, मालदीवचे अधिकारी आपल्या आयपीएस प्रशिक्षणार्थींबरोबर कवायत करतात.

या साऱ्याचं मोल कळतं ते तपासात. २६/११ च्या खटल्यात एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी अतिरेक्यांच्या जीपीएस यंत्रातल्या नोंदींविषयी मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. दुसऱ्या देशाचा तपासनीस आपल्या न्यायालयात पुरावा टिकवू शकतो, तो पुराव्याची हाताळणी दोन्हीकडे समजलेली असते म्हणूनच.

माझी तक्रार आहे ती पुढची. परदेशी पाठ्यवृत्त्या बहुतांशी वरिष्ठांच्या वाट्याला येतात, आणि बेवारस नौकेवर पहिलं पाऊल ठेवतो तो ठाण्यातला हवालदार. समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत जबाबदारी सागरी पोलिसांची, त्यापुढे तटरक्षक दलाची. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये गुजरातमध्ये ओखा इथे सागरी पोलिसांची राष्ट्रीय अकादमी सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण परदेशी नौकेची भाषा परदेशी तपासनिसांबरोबर बसूनच अंगवळणी पडते.

त्या भाषेतला एकच धडा सांगतो. नौकेच्या रेडिओ यंत्रणेला नऊ अंकी ओळख क्रमांक असतो आणि त्यातले पहिले तीन अंक देश सांगतात. ४१९ म्हणजे भारत, ५०३ ऑस्ट्रेलिया, ४६१ ओमान. हे ज्याला ठाऊक आहे तो हवालदार पहिल्या दहा मिनिटांत वायरलेसवर कळवू शकतो की अमुक देशाला विचारा. रायफलीचे अनुक्रमांक बोटांचे ठसे न पुसता कसे टिपायचे, लॉगबुकातली शेवटची नोंद कुठे शोधायची, हेही तसंच. त्याला अमेरिकेत वर्षभर पाठवायची गरज नाही. मस्कतच्या तटरक्षकांबरोबर पंधरा दिवस, आणि त्यांचे दोघे पंधरा दिवस श्रीवर्धनला, एवढी देवाणघेवाण पुरे. ‘आयटेक’सारख्या कार्यक्रमात त्यासाठी जागा करता येईल. ज्या मच्छीमारांनी ‘लेडी हान’ सर्वांत आधी पाहिली, त्यांच्या सागर रक्षक दलालाही त्या वर्गात बसवावं.

पुढच्या आठवड्यात १९९३ च्याच खटल्यातला एक धागा. त्यातला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. मधल्या तीन वर्षांत त्याला फाशी न देण्याची लेखी हमी भारताला पोर्तुगालकडे का द्यावी लागली, ते पाहू.