'कथेकरी', 'कथाकार' आणि 'लेखक' : रचनाकर्तृवाचक शब्दांचा विचार

काही वर्षांपूर्वी तमाशाच्या एका फडाकडील वगांच्या जुन्या वह्यांची सूची करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. सूचीत 'लेखक' असा एक रकाना होता. वहीच्या अखेरीस ज्याची सही आढळली त्याचे नाव त्या रकान्यात भरले गेले. पुढे चौकशीअंती असे कळले की, ते गृहस्थ केवळ वही उतरवून देणारे होते. वग रचणारा शाहीर निरक्षर होता आणि त्याचे नाव सूचीत कोठेच आले नव्हते. चूक अर्थातच आमची; परंतु तिचे बीज 'लेखक' या शब्दाच्या अर्थात आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

'लेखक' म्हणजे लिहिणारा. संस्कृतात हा शब्द लेखनिकाच्या अर्थीही रूढ होता. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे या प्रसिद्ध कथेत लेखक गणेश होय, व्यास नव्हेत. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी 'लेखकु' हे पद सच्चिदानंदबाबांना लाविले आहे, ज्ञानदेवांना नाही. रचणे आणि लिहिणे या दोन भिन्न क्रिया होत, हे भान त्या काळी स्पष्ट होते. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर पोथ्या उतरविणारा वर्ग मागे पडला आणि मोकळा झालेला हा शब्द ग्रंथकर्त्याकडे गेला, असे मानावयास हरकत नाही. जुन्या अर्थासाठी आज 'लेखनिक' हा शब्द आहे. परीक्षेत अंध विद्यार्थ्याची उत्तरे लिहून देणाऱ्यास आपण लेखनिकच म्हणतो.

'कार' या पदाची कथा निराळी आहे. ते 'कृ' धातूपासून आले असून त्याचा अर्थ 'करणारा' एवढाच आहे. कुंभकार, सुवर्णकार, लोहकार या शब्दांतील स्वरमध्यस्थ 'क'चा प्राकृतात लोप होऊन कुंभार, सोनार, लोहार हे शब्द सिद्ध झाले. नाटककार, कथाकार, ग्रंथकार हे शब्द विद्वानांनी संस्कृत वळणावर घडविले, म्हणून त्यांतील 'क' शाबूत राहिला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता कुंभार आणि नाटककार हे एकाच घराण्यातले. 'कादंबरीकार' या शब्दात तर बाणभट्टाच्या ग्रंथाचे विशेषनाम आधी जातिवाचक झाले आणि मग त्यास 'कार' लागला.

तात्पर्य, 'कार' पदात लेखनाचा अर्थ मुळीच नाही. कीर्तनकार लिहीत नाही, कीर्तन करतो. 'कथेकरी' आणि 'कथाकार' या जोडीत हा भेद विशेष उठून दिसतो. दोहोंत 'कथा' तीच. 'करी' हा प्रत्ययही 'कृ' धातूशीच जोडला जातो. तथापि कथेकरी हा श्रोत्यांपुढे उभा राहून हरिकथा करणारा, तर कथाकार हा नियतकालिकासाठी लघुकथा लिहिणारा. एक शब्द देवळातून आला, दुसरा छापखान्यातून. 'नाटक्या' या शब्दाला तर सोंग आणणारा असा हीनार्थ चिकटला; 'नाटककार' मात्र प्रतिष्ठित राहिला. 'शाहीर' हा अरबी 'शाइर'पासून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी 'जाणणे' हा अर्थ आहे. मराठीत शाहीर म्हणजे रचणारा आणि डफावर गाणाराही. लिहिण्याची अट त्यास कधीच नव्हती.

नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कर्त्याला 'कवि' म्हणतो, कारण नाटक हे दृश्यकाव्य होय. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे रचलेली असत. गद्य भाषणे मात्र नट आयत्या वेळी करीत. त्या प्रयोगाचा 'नाटककार' कोण, याचे उत्तर एका नावाने पुरे होत नाही. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे गद्य नाटक १८६१ चे. अशा संपूर्ण लिहिलेल्या नाटकांपासून रचणारा आणि लिहिणारा एकरूप झाले, आणि आपण ती एकरूपता स्वाभाविक मानू लागलो.

चित्रपटाने ती पुन्हा मोडली. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ चा. पडदा बोलू लागल्यावर कथा, पटकथा आणि संवाद अशी कामाची विभागणी श्रेयनामावलीत दिसू लागली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपण 'गीतकार' आणि 'संगीतकार' म्हणतो, परंतु बहुधा 'पटकथालेखक' आणि 'संवादलेखक' म्हणतो. गीत चित्रपटापासून सुटून स्वतंत्रपणे हिंडते, पटकथा चित्रपटात विरघळून जाते. म्हणूनच तिच्या कर्त्याकडे लोक 'करणारा' म्हणून न पाहता 'लिहून देणारा' म्हणून पाहत असावेत, असे आमचे मत आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या कर्त्याला चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या स्वामित्वधनातील आपला समान वाटा सोडून देता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरविले. 'कर्ता' कोणास म्हणावे, यावर आता कोणाची तरी मिळकत अवलंबून आहे.

लोकनाट्याच्या कर्त्यांना असे संरक्षण क्वचितच लाभते. त्यांचे नाव राखण्याचे साधन म्हणजे आपल्या सूच्याच. म्हणून आमची सूचना अशी की, मौखिक परंपरेतील रचनांची नोंद करताना 'लेखक' हा एकच रकाना न ठेवता 'रचणारा', 'सादर करणारा' व 'उतरवून घेणारा' असे तीन रकाने ठेवावेत. पहिल्या रकान्यातील नाव ठाऊक नसेल तर तो रिकामा ठेवावा, दुसऱ्याच्या नावाने भरू नये. रिकामी जागा पुढील संशोधकाला शोधाची आठवण करून देते. चुकीचे नाव मात्र शोधच थांबविते.