डोंगरी सुभ्याचा नकाशा

कादंबरीतल्या साम्राज्याचा उत्तरेकडचा सुभा आखायचा, तर मी आधी शिसपेन्सिलीने मुख्य डोंगररांग काढते आणि शेजारी वाऱ्याचा बाण. राजवाडे, किल्ले नंतर. पावसाळी वारा कुठून येतो हे ठरलं की अर्धा सुभा ठरला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणला पाचशेच्या आसपास; आणि सह्याद्री काही फार उंच नाही. रांग हिमालयाएवढी असेल, तर पलीकडे लेहसारखं थंड वाळवंट होतं, जेमतेम १०० मिलिमीटर पावसाचं.

माझ्या सुभ्याचं नाव खडकेर. उंची साडेतीन हजार मीटर. नुसतं ‘खडतर प्रदेश’ लिहून वाचकाला काही कळत नाही, चुलीपाशी जावं लागतं. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही, सरपण तर मुळातच नाही. म्हणून लडाख-तिबेटात सातू आधी भाजतात, मग दळतात. ते पीठ चहात कालवलं की जेवण झालं. खडकेरच्या शिपायांच्या झोळीतही तेच पीठ आहे. तो सातू पिकतो वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. लडाखी गावांत पाटाच्या पाळ्या सांभाळणारा ‘चुरपोन’ असतो. माझ्या गावांतही सुभेदारापेक्षा पाटकऱ्याचा शब्द मोठा.

मग ट्रेसिंग पेपरवर खिंडी. प्रत्येक खिंडीशेजारी ती उघडी असण्याचे महिने लिहिते, कारण सम्राटाचा अंमल तेवढेच महिने चालतो. सारा धान्यात घेता येत नाही: वाटेत चारा नसेल, तर जनावर पाठीवरचं धान्यच खात जातं. अशा मुलखातून वजनाला हलकं आणि मोलाला भारी तेवढंच बाहेर पडतं. चांगथांगच्या शेळ्यांची पश्मिना लोकर इतकी मोलाची होती, की सतराव्या शतकाच्या अखेरीस लडाख-तिबेट तहात तिच्या व्यापाराचा हक्क लिहून घेतला गेला. आणि जकात वसूल करायची तर खिंडीच्या तोंडाशी. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकत असं सांगतात. खडकेरच्या दक्षिण खिंडीत मी तसाच रांजण ठेवला आहे.

सध्या पश्चिम खिंडीचे महिने ठरवते आहे. ती इतरांच्या आधी उघडली, तर लोकर चोरून शेजारच्या राज्यात जाणार आणि सम्राटाला तिथे ठाणं बसवावं लागणार. हिवाळाभर पुरेल इतकं पीठ आणि जळण त्या ठाण्यावर कोणाच्या पाठीवरून चढवायचं? गिलगिटच्या वाटेवर काश्मिरी शेतकऱ्यांना वेठीला धरून अशी ओझी वाहायला लावत. कित्येक जण घरी परतलेच नाहीत. खडकेरमध्येही वेठ गावकऱ्यांवरच येईल, नेमकी सातूच्या कापणीत. उठाव तिथूनच पेटणार.